तळ्याकाठचे क्नापी

रुदार वेलेन्ये हा स्लोव्हेनियातील फुटबॉल क्लब १९४८ मध्ये स्थापन झाला, म्हणजे ज्या शहराचे नाव तो लावतो ते आजचे शहर उभे राहण्याच्याही आधी. त्या वेळी वेलेन्ये हे शालेक खोऱ्यातील, किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेले लहानसे गाव होते. स्लोव्हेनियन भाषेत ‘रुदार’ म्हणजे खाणकामगार. चाहते मात्र संघाला ‘क्नापी’ म्हणतात. अर्थ तोच, पण हा शब्द जर्मनमधून येऊन बोलीत मुरलेला. मुलाचे शाळेतले नाव एक असावे आणि घरात हाक दुसऱ्याच नावाने मारली जावी, तसा हा प्रकार आहे.

क्लबची हकीकत खाणीपासूनच सांगावी लागते. वेलेन्येच्या पोटात लिग्नाइट आहे आणि त्याचा थर काही ठिकाणी १६० मीटरहून जाड आहे. जगात इतके जाड थर मोजकेच. येथे १८७५ पासून कोळसा निघतो. एवढा थर एका दमात कापता येत नाही, म्हणून बोगदे थराच्या आतून नेतात, तळाचा कोळसा यंत्राने कापतात आणि डोक्यावरचा कोळसा स्वतःच्या वजनाने खाली येऊ देतात. खाणशास्त्रात ही रीत ‘वेलेन्ये पद्धत’ म्हणून ओळखली जाते. कोळसा काढून घेतला की वरचे खडक खाली बसतात. त्यांच्यावरची शेते, रस्ते, घरे हळूहळू खचतात आणि खोलगट भागात पाणी साठते. श्काले, वेलेन्ये आणि द्रुझमिर्ये ही खोऱ्यातील तिन्ही तळी अशीच तयार झाली. त्यांतले वेलेन्येचे सर्वांत मोठे. द्रुझमिर्ये या तळ्याच्या नावात तर पाण्याखाली गेलेल्या गावाचेच नाव उरले आहे.

रुदारचे मैदान १९५५ मध्ये खुले झाले. त्याचे नाव ‘ओब येझेरू’, म्हणजे ‘तळ्याकाठी’. हे नाव ऐकून परक्या माणसाच्या डोळ्यांसमोर डोंगरातले निळेशार सरोवर येते, पण हे पाणी जमिनीच्या जखमेत साचलेले आहे. शेजारच्या शोश्तान्य औष्णिक केंद्राची राख अनेक वर्षे वेलेन्येच्या तळ्यात मिसळत होती. पाणी इतके अल्कधर्मी झाले की त्यात जीव तगेना. १९९० च्या दशकात राखेच्या पाण्याचे चक्र बंदिस्त करण्यात आले आणि तळे सावरले. आता उन्हाळ्यात त्याच काठावर मुले पोहतात.

स्लोव्हेनिया तेव्हा युगोस्लाव्हियाचा भाग होता. दुसऱ्या महायुद्धानंतर युगोस्लाव्हियाला वीज हवी होती, विजेला कोळसा आणि कोळशाला माणसे. खाणीचे संचालक नेस्टल झ्गान्क यांनी या माणसांसाठी बराकी न बांधता बागांमध्ये वसलेले आधुनिक शहर बांधण्याचा आग्रह धरला. रहिवाशांनी सुटीच्या दिवशी फावडी घेऊन श्रमदान केले. २० सप्टेंबर १९५९ रोजी नव्या शहराचे रीतसर उद्घाटन झाले. १९८१ ते १९९० या काळात त्याचे नाव ‘तितोव्हो वेलेन्ये’ होते, आणि मुख्य चौकात युगोस्लाव्हियाचे नेते मार्शल टिटो यांचा दहा मीटर उंचीचा पुतळा आजही उभा आहे.

खाणीसाठी आलेली माणसे केवळ स्लोव्हेनियाच्या खेड्यांतली नव्हती. बोस्निया, सर्बिया, क्रोएशिया येथूनही कुटुंबे आली आणि इथलीच झाली. संघाच्या यादीतल्या आडनावांतून हे स्थलांतर वाचता येते. स्लोव्हेनियन वर्णमालेत ‘च’ या उच्चारासाठी एकच अक्षर आहे, सी या अक्षरावर उलट्या टोपीची खूण असलेले. दक्षिणेकडच्या आडनावांच्या शेवटी मात्र त्याच सीवर एक लहानशी तिरकी रेघ असते, आणि हे अक्षर स्लोव्हेनियन वर्णमालेत नाही. पाठीवरच्या नावातली तेवढी रेघ पाहिली की या खेळाडूचे आजोबा कुठल्या दिशेने आले असतील याचा अंदाज येतो. परक्या गावात भाषा शिकायला वर्षे लागतात, चेंडू पास करायला एक संध्याकाळ पुरते. नव्याने वसलेल्या खाणीच्या शहरात फुटबॉलला एवढे मोल का आले, याचे हेच खरे कारण असावे.

युगोस्लाव्हियाच्या काळात रुदार बहुतेक वर्षे स्लोव्हेनियाच्या प्रजासत्ताक पातळीवरील लीगमध्ये खेळला. संघराज्याच्या पहिल्या लीगमध्ये स्लोव्हेनियाचे नाव प्रामुख्याने ल्युब्लियानाच्या ओलिम्पिया आणि मारिबोर या दोन क्लबांनी नेले.

१९९१ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि स्वतःची लीग सुरू झाली. तिच्या पहिल्या हंगामात तब्बल २१ संघ होते. रुदार त्यांतला एक. क्लबचा सर्वांत मोठा दिवस १९९८ मध्ये आला. स्लोव्हेनियन कपच्या अंतिम फेरीत आय्दोव्हश्चिना येथील प्रिमोर्ये क्लबला हरवून रुदारने करंडक जिंकला. त्या विजयामुळे त्याला युरोपियन कप विनर्स कपमध्ये प्रवेश मिळाला, आणि तो त्या स्पर्धेचा शेवटचा हंगाम ठरला. १९९९ नंतर ती स्पर्धा भरलीच नाही. देशोदेशींच्या कपविजेत्यांच्या त्या दालनात वेलेन्येचे क्नापी दार मिटण्याच्या अगदी आधी जाऊन आले.

लीगमध्ये तिसऱ्या क्रमांकाच्या वर रुदार कधी गेला नाही. मधल्या पडझडीनंतर २००८ मध्ये तो पहिल्या विभागात परतला आणि लगेच पुढच्या हंगामात तिसरा आला. बक्षीस म्हणून युरोपा लीगच्या पात्रता फेरीत समोर आला बेलग्रेडचा रेड स्टार. वेलेन्येतल्या किती घरांत त्या दिवशी बापलेक वेगवेगळ्या बाजूंनी बसले असतील, याची कल्पना करता येते. रुदार हरला. २०१४ मध्ये पुन्हा तिसऱ्या क्रमांकाच्या जोरावर संधी मिळाली, तेव्हा अल्बानियाच्या लाची क्लबने पेनल्टींवर बाहेर काढले. २०१८ मध्ये सान मारिनोच्या त्रे फियोरीवर सात गोल चढवले, पण पुढच्या फेरीत बुखारेस्टच्या एफसीएसबीपुढे निभाव लागला नाही.

त्यानंतर घसरण झपाट्याने झाली. २०१९-२० च्या हंगामात दहा संघांच्या तक्त्यात रुदार तळाला राहिला आणि दुसऱ्या विभागात उतरला. हा विभाग तेव्हा सोळा क्लबांचा होता. यातले प्रतिस्पर्धी युरोपच्या नकाशावर शोधावे लागतात, प्रवास बसने होतो आणि प्रेक्षक ओळखीचे असतात. चाहत्यांच्या गटाचे नाव ‘शालेश्की ग्राश्चाकी’, म्हणजे शालेकचे गढीवाले. एकेकाळी या खोऱ्यात किल्ल्यांची आणि गढ्यांची दाटी होती, त्यावरून घेतलेले हे नाव. ज्या शहरात बहुतेकांचे पूर्वज जमिनीखाली उतरून कमावत आले, तिथल्या पोरांनी स्वतःला गढीचे मालक म्हणवून घ्यावे, यात मोठा मान आहे. शहराचे प्रेम अर्थात एकट्या फुटबॉलला मिळत नाही. घरगुती उपकरणांच्या ‘गोरेन्ये’ कारखान्याच्या नावाने खेळणाऱ्या हँडबॉल संघाने राष्ट्रीय विजेतेपदे आणली आहेत, आणि त्या खेळात वेलेन्येचा दबदबा जास्त आहे.

खाणीचे दिवस आता मोजलेले आहेत. कोळशाचा वापर उशिरात उशिरा २०३३ पर्यंत थांबवण्याचा निर्णय स्लोव्हेनियाच्या सरकारने २०२२ मध्ये घेतला. काम तोवर चालूच आहे आणि त्यातला धोकाही. जानेवारी २०२५ मध्ये खाणीत चिखलाचा लोंढा घुसून तीन कामगारांचा मृत्यू झाला. स्लोव्हेनियन खाणकामगार एकमेकांना भेटताना आणि निरोप देताना ‘स्रेच्नो’ म्हणतात. सुखरूप राहा, असा त्या एका शब्दाचा भाव.

३ जुलै हा स्लोव्हेनियात खाणकामगारांचा दिवस. १९३४ मध्ये त्र्बोव्ल्ये परिसरातील कामगारांनी केलेल्या उपोषण-संपाची ती आठवण. वेलेन्येत त्या सुमारास तळ्याकाठच्या याच मैदानावर ‘स्कोक चेझ कोझो’ होते, म्हणजे कातड्यावरून उडी. १९६० च्या दशकाच्या आरंभापासून येथे ही प्रथा चालत आली आहे. जुने खाणकामगार बसताना आणि सरपटताना अंग वाचावे म्हणून कंबरेमागे कातड्याचा तुकडा बांधत. उडी त्या कातड्यावरून मारायची. काळ्या गणवेशातले, टोपीवर तुरा लावलेले कामगार बँडच्या तालावर मैदानात येतात. दोन जुने जाणते कातडे ताणून धरतात. नवशिका समोर येतो आणि उडी मारून पलीकडे जातो. तिथे टेकलेल्या पायांनिशी तो क्नाप होतो.