सर्व्हर सापडला नाही

दूरसंचाराच्या नोकरीत आम्हां लोकांबरोबर एक लहानसे तपासणी-यंत्र फिरत असते. ग्राहकाच्या घरचे मोडेम काढून त्याच्या जागी हे यंत्र जोडले, की ते स्वतःच ग्राहकाचे सोंग घेते आणि पलीकडून कोणी ओ देते का ते पाहते. जोडणी झाली तर तसे सांगते; परवलीचा शब्द चुकला तर तेही सांगते. या दोन निकालांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. तिसरा निकाल मात्र असा आहे की त्याने आमची निम्मी नोकरी खाल्ली: ‘पीपीपीओई सर्व्हर सापडला नाही.’

या अगडबंब नावाला वाचकांनी बिचकू नये. टेलिफोनच्या तारेवरून संगणक जोडताना नाव आणि परवलीचा शब्द विचारण्याची जी जुनी रीत होती, तीच इथरनेटच्या जाळ्यावर चालावी म्हणून ही योजना निघाली. तिचे नियम आरएफसी २५१६ या क्रमांकाने फेब्रुवारी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. जुन्या तारेला दोनच टोके असत; पलीकडे कोण, हा प्रश्नच उद्भवत नसे. इथरनेट म्हणजे गजबजलेला वाडा. तेथे बोलण्याआधी कोणाशी बोलायचे ते शोधावे लागते. या शोधाचे चार निरोप आहेत. त्यांची इंग्रजी आद्याक्षरे जोडून आमची मंडळी त्यांना पाडी, पाडो, पाडर आणि पाड्स म्हणतात. (शेवटचे नाव ऐकले की आम्हांला दर वेळी पाडसच आठवते, मराठी माणूस पाच प्रांत हिंडला तरी कान मराठीच राहतात.)

पाडी म्हणजे हाळी. बदलीच्या गावी नव्याने उतरलेल्या मराठी कारकुनाने चौकात उभे राहून ‘इथे आपल्याकडचे कोणी आहे का?’ असे विचारावे, तशी ती साऱ्या जाळ्याला उद्देशून असते. तिच्यात हव्या असलेल्या सेवेचे नाव लिहिण्याची जागा असते; ती रिकामी ठेवली, तर ‘कोणतीही चालेल’ असा अर्थ होतो. ज्या सर्व्हरला ती सेवा देणे शक्य आहे तो आपले नाव कळवून पाडो पाठवतो. मग त्या एकालाच पाडर जाते आणि तो पाड्समधून बैठकीचा क्रमांक देतो. येथे शोध संपतो. नावाची व परवलीची विचारपूस त्यानंतरची.

आता ज्याला ती सेवा देणे शक्य नाही त्याने काय करावे? नियम स्पष्ट आहे: त्याने उत्तर देताच कामा नये. नकारसुद्धा नाही. उलट, पुढच्या पायरीवर पाडरमधले सेवेचे नाव पसंत पडले नाही, तर तसे लेखी कळवणे त्याच सर्व्हरवर बंधनकारक आहे. सरकारी नोकरीत मुरलेल्या वाचकांना हा भेद समजावून सांगायला नको. ‘सर्व संबंधितांस’ म्हणून निघालेल्या परिपत्रकाला आपण संबंधित नाही असे कळवायला कोणी बसत नाही. नावाने आलेल्या अर्जाला मात्र ‘अमान्य’ एवढे तरी लिहावेच लागते. आमचे यंत्र पहिल्या जातीच्या मौनाला ‘सापडला नाही’ म्हणते. म्हणजे सर्व्हर बंद असो, तार तुटलेली असो, की सर्व्हर जागा असून नियमाला धरून गप्प बसलेला असो, निकाल एकच.

हा शब्दांचा कीस नव्हे. नर्मदेकाठच्या एका जिल्ह्याच्या गावी आम्ही असताना एका ठेकेदार कंपनीचे मजूर घरोघर तंतूची तार ओढत होते. तपासणीत नापास झालेल्या जोडणीमागे मजुराच्या रोजातून रक्कम कापायची, असा त्या कंपनीचा शिरस्ता होता. एका आठवड्यात एकाच पोराच्या नावावर सहा जोडण्या नापास झाल्या. कारण एकच: सर्व्हर सापडला नाही. पोरगा म्हणे, ‘साब, तार तो ठीक है.’ प्रकाशाची पातळी आम्ही स्वतः मोजली. ती जशी हवी तशी होती. तरीही कागद सांगत होता तेच खरे धरले जात होते.

अशा वेळी दोन टोकांना कान लावावे लागतात. यंत्र आणि तार यांच्यामध्ये पोर्ट-मिररिंग करणारा एक स्विच घालून, त्यावरची वाहतूक लॅपटॉपवर वायरशार्कने पाहावी. शोधाच्या निरोपांवर ८८६३ ही खूण असते, बैठकीच्या निरोपांवर ८८६४. चाळण लावणे अवघड नाही. पाडी बाहेरच पडत नसेल तर दोष यंत्राचा. पाडी गेली, पाडो आला, आणि तरी यंत्र ‘नाही’ म्हणत असेल, तर दोष पुन्हा यंत्राचाच. पाडी गेली आणि पुढे सारे शांत असेल, तरच पलीकडे जायचे व ती सर्व्हरच्या दारापर्यंत पोचली का ते तिथल्या माणसाला विचारायचे. लॅपटॉपवरही आंधळा विश्वास नको: जाळ्याची गल्ली सांगणारी व्हीलॅनची खूण पुष्कळ नेटवर्क-कार्डे परस्पर पुसून टाकतात. ती खूण नसली किंवा दुसऱ्या क्रमांकाची असली, की हाळी भलत्याच गल्लीत घुमते. कधी ग्राहकाच्या घरचा डबाच राउटर होऊन बसलेला असतो. सर्व्हरशी बोलणी तो स्वतः करतो, आणि त्याच्या मागे जोडलेल्या यंत्राची हाळी घरातल्या घरात विरते. कधी यंत्र अधीर असते. उत्तर आले नाही तर वाट पाहण्याचा काळ दुप्पट करून पुन्हा विचारावे, असे नियम सुचवतो. काही यंत्रे एकदोन हाका मारून मोकळी होतात.

आमच्या प्रकरणात यांतले काहीच नव्हते. पाडी बाहेर पडत होती, योग्य गल्लीतून जात होती, सर्व्हरपर्यंत पोचतही होती. फक्त तिच्यात सेवेचे नाव होते, आणि ते या गावचे नव्हते. यंत्र पूर्वी दुसऱ्या जिल्ह्यात फिरले होते. तिथले नाव त्याच्या स्मरणात तसेच राहिले होते. सर्व्हर आपल्या यादीबाहेरच्या नावाला नियमाप्रमाणे मौनाने वागवत होता. ती जागा रिकामी करताच सहाही जोडण्या लागल्या. तपासण्या इतरांच्याही होत. पण ते यंत्र त्या आठवड्यात या पोराच्याच वाट्याला आले होते, एवढाच त्याचा अपराध.

कापलेली रक्कम परत मिळवायला वायरशार्कपेक्षा अधिक दिवस लागले. पाडीचे चित्र छापून जोडले, सर्व्हरकडची नोंद जोडली, तेव्हा कुठे चार जोडण्यांचे पैसे मिळाले. उरलेल्या दोन ‘आधीच्या महिन्याच्या हिशेबात’ गेल्या. पोराने चार जोडण्यांचे घेतले आणि दुसऱ्या ठेकेदाराकडे गेला. तपासणीच्या छापील नमुन्यात ‘सर्व्हर सापडला नाही’ या ओळीऐवजी ‘पाडी गेली काय, पाडो आला काय, सेवेचे नाव कोणते’ अशा तीन ओळी घालाव्यात, असे आम्ही वर लिहून पाठवले. त्यानंतर दोन स्मरणपत्रे गेली. उत्तर अद्याप आलेले नाही.