गाडीतली वीज आणि माझं बदललेलं मत

कॅम्पर व्हॅनमध्ये बाहेरून २३० व्होल्टची वीज घ्यायची तर एक एमसीबी पुरे, आरसीसीबी म्हणजे नसती कटकट, असं मी बरीच वर्षं ठासून सांगत आलो. घरी पावसाळ्यात ओल धरली की तो सारखा पडायचा, त्यातून हे मत तयार झालेलं. शिवाय गाडी रबरी टायरवर उभी, तिथे कसला आलाय शॉक, असंही वाटायचं. आज ही दोन्ही मतं मी सोडली आहेत.

मन वळलं ते साध्या हिशेबाने. १६ अँपिअरचा एमसीबी असतो तो वायर जळू नये म्हणून. माणसाच्या जिवावर बेतायला अँपिअरचा बारीकसा अंश पुरतो आणि तो एमसीबीच्या खिजगणतीतही नसतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र फेजमधून गेलेली आणि न्यूट्रलमधून परत आलेली वीज सतत ताडून पाहतो. तफावत दिसली की डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पुरवठा तोडतो.

टायरचं तर उलटंच आहे. वायर पत्र्याला घासून सोलली की सगळ्या बॉडीत करंट उतरतो. टायरमुळे तो जमिनीत जात नाही, गुपचूप वाट पाहत राहतो. मग ओल्या मातीत अनवाणी उभं असलेलं कुणी दाराची कडी धरतं. म्हणून चासीला अर्थची तार घट्ट जोडलेली हवीच.

पण ती तार पुढे कुठे जाते? कोकणातल्या एका होमस्टेच्या ओट्यावर तीन दिव्यांचा टेस्टर लावला, तर अर्थिंगचा दिवा लागेना. वायरमनने बोर्ड उघडला. थ्री-पिनच्या वरच्या मोठ्या भोकामागे तारच नव्हती. “अहो, मिक्सर चालतो की यावर!” मालक म्हणाले. चालणारच; मिक्सरला अर्थिंग लागत नाही, ते माणसाला लागतं. आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण अर्थिंग नसतानाही काम करतं, त्यामुळे बटण दाबून अर्थिंगची खात्री होत नाही. ती वेगळी तपासावी लागते.

बाकी पथ्यं सोपी. केबल तीन तारांची, अडीच स्क्वेअर एमएमची, लवचीक असावी आणि वापरताना पूर्ण उलगडावी. गुंडाळलेली केबल तापते. दोन हजार वॉटची शेगडी जवळजवळ नऊ अँपिअर ओढते, ती सहा अँपिअरच्या बोर्डावर लावू नये.

राज्याचं कॅराव्हॅन धोरण २०२१ साली आलं. भाड्याच्या गाड्याही आता मिळतात. अशी गाडी ठरवताना गादी-पडदे जरूर बघा, पण आधी आरसीसीबी कुठे आहे ते विचारा आणि समोर बटण दाबून दाखवायला सांगा. तो पडला नाही, तर ती गाडी घेऊ नका.