घरात काय झिरपतं?

गेल्या जुलैतली गोष्ट. लोहगडवाडीत चार दिवस पाऊस थांबला नव्हता. घराच्या मागच्या भिंतीला ओल आली होती, आणि मी गोधड्या चुलीजवळ वाळत घालत होते. आठवीत शिकणारी माझी धाकटी वही घेऊन आली. "अम्मी, बाईंनी इंग्रजीचे चार शब्द दिलेत: सीप, ऊझ, ट्रिकल, पर्कोलेट. सगळ्यांचा अर्थ 'झिरपणे' असाच लिहू का?"

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. इंग्रजी माझं जेमतेम. तरी मुलीसमोर हार कशी मानायची? शब्दकोश काढला आणि दोघी बसलो.

सीप म्हणजे फटीतून, छिद्रांतून हळूहळू आत किंवा बाहेर येणं. आमच्या भिंतीत चाललं होतं तेच. ऊझ हे दाट पदार्थाचं: चिखल, मध, जखमेतला पू. उर्दूत जखम 'रिसते', ते हेच. ट्रिकल म्हणजे बारीक धारेनं ओघळणं. पर्कोलेट हा लॅटिनमधून आलेला शब्द, मूळ अर्थ चाळणीतून गाळणं. आपल्याकडचा पाझर तलाव इंग्रजीत याच शब्दानं ओळखला जातो. 1972 च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून महाराष्ट्रात असे कितीतरी तलाव खोदले गेले. अडवलेलं पाणी जमिनीत मुरतं आणि खालच्या अंगाच्या विहिरींना पाझरतं.

लेकीला हे लगेच कळलं, कारण ती मावळातली आहे. लोणावळ्याच्या बाजूला वर्षाला 4000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी मे महिन्यात डोंगरातल्या वाड्यांवर बायका हंडे घेऊन फिरतात. काळा कातळ पाणी आत घेत नाही, ते उतारानं धावत सुटतं. जिथे खडकाला भेग असते तिथेच थोडं आत जातं आणि खाली कुठेतरी झरा होऊन बाहेर येतं. मराठीने या वाटेवरच्या टप्प्यांना वेगवेगळी नावं दिली: झिरपणं, मुरणं, पाझरणं.

मग बाईंचा दुसरा प्रश्न: हेच शब्द पाण्याशिवाय कसे वापरतात? इथे मजा आली. इंग्रजीत माणसाच्या अंगातून आत्मविश्वास 'ऊझ' होतो. मराठीत तो ओसंडून वाहतो. इंग्रजीत परीक्षेचा पेपर 'लीक' होतो, म्हणजे गळतो. आपल्याकडे तो फुटतो. श्रीमंतांची भरभराट झाली की तिचे थेंब गरिबांपर्यंत ओघळतील, या अर्थशास्त्रातल्या मताला 'ट्रिकल डाउन' म्हणतात. मराठीत मुरलेलं लोणचं चांगलं, पण 'कुठेतरी पाणी मुरतंय' म्हटलं की समजावं, काहीतरी लपवलेलं आहे.

"आता तूच वाक्यं कर," असं सांगून मी भाकऱ्यांकडे वळले.

रात्री वही पाहिली. सीपपुढे तिने लिहिलेल्या इंग्रजी वाक्याचा अर्थ असा होता: मामूंवरचा राग अम्मीच्या बोलण्यातून माझ्यात झिरपला.

मी वही मिटली. अब्बांच्या घराच्या वाटणीवरून भाईजानशी बोलणं बंद होऊन तीन वर्षं झाली होती. मुलीला मी त्याबद्दल एक शब्दही सांगितला नव्हता, असा माझा समज होता. पण बहिणीशी फोनवर बोलताना, ईदला त्यांच्या घरी जायचं टाळताना, त्यांचं नाव निघालं की भांडी आपटताना ती तिथेच अभ्यास करत बसलेली असायची. मी काहीच ओतलं नव्हतं. भिंतीवर तरी कुणी पाणी ओतलं होतं?

मराठीत 'दगडाला पाझर फुटणे' असं म्हणतात. सूरह बकराहच्या 74 व्या आयतीत दगडाहून कठोर झालेल्या अंतःकरणांचा उल्लेख आहे. दगडांतूनही झरे वाहतात, पाणी निघतं, याची तिथे आठवण दिली आहे. वर्गात हा वाक्प्रचार मी किती वेळा फळ्यावर लिहिला असेल! ती आयतही लहानपणापासून कानावर होती. दोन्हींचा माझ्याशी काही संबंध आहे, हे त्या रात्री पहिल्यांदा जाणवलं.

सकाळी फज्रनंतर फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग भाईजान म्हणाले, "बारिश बहुत है ना उधर? पिछली दीवार अब भी गीली होती क्या?"

"होती," मी म्हणाले. पुढचं बोलता आलं नाही, डोळेच पाझरू लागले.

बहिणींनो, वाटणीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. कागद तसेच पडून आहेत आणि माझं म्हणणंही मी सोडलेलं नाही. पण ते आता भाईजानसमोर बोलते, लेकीच्या कानावर नाही. ती मामूंना फोन करून इंग्रजीची गणितं सोडवते, असं ते हसून म्हणतात. मागच्या भिंतीची ओल ऑक्टोबरच्या उन्हात वाळली. लेकीच्या मनातली वाळायला वेळ लागेल. निदान नवं पाणी तिथे मुरू नये, एवढं मी पाहते.