निसण्याची साक्ष

संस्कृतांत 'शाण' हा एकच शब्द धार लावण्याच्या निसण्यास आणि सोनें पारखण्याच्या कसोटीस, असा दोहोंसहि लावतात. अडतीस वर्षें मुलांना शब्दार्थ सांगतांना आम्हांस त्यांत कांहीं विशेष दिसलें नाहीं. तें घरांतल्याच एका दगडानें शिकविलें, आणि तेंहि सेवानिवृत्त झाल्यावर.

आमच्या वडिलांपाशीं शेफील्डचा एक वस्तरा व वीतभर लांबीचा एक निसणा होता. दोन्ही वस्तु आजोबांनीं मुंबईहून आणलेल्या. निसणा वरून लोण्यासारखा पिवळसर व खालून निळसर जांभळा. आमच्या घरीं एक वृद्ध नाभिक येत असत. त्यांस आम्ही मुलें 'आबा' म्हणत असूं. ते वडिलांची दाढी वडिलांच्याच वस्तऱ्यानें करीत व तो आपल्या घरीं नेऊन परजून आणीत.

१९७८ सालीं आम्ही नुकतेच शाळेंत लागलों होतों. 'निसणा घरांत असतां वस्तरा बाहेर कां जावा?' असें म्हणून आम्हीच एके दिवशीं त्यास धार लाविली. दुसऱ्या दिवशीं वडिलांच्या हनुवटीस जखम झाली. आम्ही काय केलें हें सांगण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. उलट, "आबा, तुमच्याच खरबरीत दगडानें धार गेली," असें आम्ही म्हणालों.

आबांनीं पात्याची कड अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून पाहिली. "मास्तर, ही धार माझ्या दगडाची नव्हं. तुमचा निसणा एकदा बगा," एवढेंच ते बोलले. कालच्या पोरानें मास्तर व्हावें आणि न्हाव्यानें त्यास शिकवावें, हें आम्हांस सहन झालें नाहीं. वडिलांनीं आमच्या शब्दावर विश्वास ठेविला व आबांचें येणें बंद झालें.

पुढें कित्येक वर्षें निसणा फडताळांत पडून होता. निवृत्तीनंतर नातवानें तो बाहेर काढला व विचारलें, "आजोबा, हे दोन दगड चिकटवलेत का?" त्याचें समाधान करण्यासाठीं आम्ही शोध करूं लागलों, तेव्हां या दगडाचें कुलगोत्र कळलें.

याचें नांव 'कोटिक्यूल'. बेल्जम देशांत आर्देन नांवाचा डोंगराळ प्रदेश आहे. तेथें व्हिएलसाल्म गांवाच्या आसपास याच्या खाणी. चाळीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वींच्या या खडकांत गार्नेटचे, म्हणजे आपण ज्यास तामडा म्हणतों त्याचे, अतिसूक्ष्म कण ठासून भरलेले असतात. ते कण टोकदार नसून पुष्कळ पैलूंचे व गोलसर असल्यामुळें पोलादावर खोल ओरखडे उठत नाहींत; धार मृदु येते.

अशा दगडाची ओळख केवळ रंगावरून पटत नाहीं. जर्मनींतील थुरिंजियाचा पाटीचा दगडहि पिवळट हिरवा असूं शकतो. अमेरिकेंतील आर्कान्सास येथील निसण्यास 'नोव्हॅक्युलाइट' म्हणतात, व तें नांव लॅटिन भाषेंतील वस्तऱ्याच्या नांवावरूनच पडलेलें आहे. परंतु तो गारेच्या जातीचा. म्हणून प्रथम दगडाची कड पाहावी. दोन थरांमधील रेघ सरळ व एकसारखी असेल तर चिकटवणूक समजावी. ती वांकडीतिकडी असून थर एकमेकांत मिसळले असतील तर जोड निसर्गाची. मग पाणी घालून त्याच दगडाच्या लहान तुकड्यानें घांसावें. कोटिक्यूलच्या पिवळ्या अंगाचें दूध सायीसारखें पांढरट निघतें, निळ्या अंगाचें जांभळट. आमच्या निसण्याचा जोड निसर्गाचाच निघाला.

नातवास वापरण्याची रीत दाखवावी म्हणून दगड सपाट आहे कीं नाहीं हें पाहूं लागलों. त्यावर पट्टी उभी धरली, तों मधोमध खालून उजेड दिसला. तेथें बोटभर रुंदीची खोलगट पन्हळ पडली होती. ती कोणाची, हें आम्हांस तत्काळ उमगलें. पेन्सिली तासण्याचा चाकू आम्ही विद्यार्थिदशेंत रोज त्याच जागीं घांसत असूं. अशा दगडावर वस्तरा कोठें टेकतो, कोठें अधांतरीं राहतो. धार एकसारखी येणार कशी? आबांनीं नुसत्या नखानें जें ओळखलें, तें आम्हांस चाळीस वर्षांनीं पट्टी लावून कळलें.

कांचेच्या तुकड्यावर पॉलिश कागद पसरून, दगडावर पेन्सिलीच्या आडव्या रेघा ओढून, त्या सर्व नाहींशा होईतों आम्ही तो पाण्यांत घांसला. असें चार वेळां केल्यावर दगड सपाट झाला. नंतर वस्तऱ्याची पाठ व धार दोन्ही टेकवून, धार पुढें ठेवून, भार न देतां ओढूं लागलों. परततांना पातें पाठीवरच उलटावयाचें. दूध हळूहळू पाण्यानें पातळ करीत जावयाचें, व शेवटचे हात स्वच्छ पाण्यावर. त्यानंतर चामड्यावर पाठ पुढें ठेवून परजणें. मनगटावरचा केंस न ओढतां तुटला, तेव्हां काम साधलें.

तो वस्तरा घेऊन आम्ही तालुक्याच्या गांवीं आबांच्या मुलाच्या दुकानीं गेलों. आबा कधींच निवर्तले होते. दुकानांत आतां गिऱ्हाईकागणिक नवें पातें बदलतात. आम्ही सारी हकीकत सांगितली. त्यांनीं धार नखावर टेकवून पाहिली, अगदीं आबांसारखीच. "धार बरी लागलीय, गुरुजी," ते म्हणाले. थोड्या वेळानें हळूच पुढें म्हणाले, "वडिलांना ठाऊक होतं. पण तुमच्या वडिलांपुढं तुम्हांला खोटं पाडावं, असं त्यांना वाटलं नाही."

आम्ही तेथें कांहीं बोलूं शकलों नाहीं. वडीलहि आतां नाहींत. ज्यांच्यापाशीं हें कबूल करावयास हवें होतें, ते दोघेहि गेले. निसणा मात्र खोटें बोलला नाहीं. आमच्या चाकूची खूण त्यानें चाळीस वर्षें जपून ठेविली होती. 'शाण' शब्दाचे दोन अर्थ कां, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें.