गाभ्याची राखण

आमच्या घरात ‘कर्नल’ हा शब्द प्रथम उच्चारला गेला, तेव्हा वहिनींनी विचारले होते, “भाऊजी, पलटणीतले कोण येणार आहेत?” हा कर्नल लष्करातला नव्हे, संगणकातला, असे मी त्यांना सांगितले. ऑपरेटिंग सिस्टिमचा तो गाभा. कोणत्या कामाला किती स्मृती द्यायची, डिस्कवर काय कोठे ठेवायचे, प्रिंटरशी कसे बोलायचे, हे सारे तोच पाहतो. तो उठला नाही तर संगणक म्हणजे निव्वळ पत्र्याची पेटी!

आमच्या दादांनी निवृत्तीनंतर, २००० साली, पेंटियम-३ जातीचा संगणक घेतला आणि वसईतल्या म्हाताऱ्या बायकांकडून ऐकलेली लग्नगीते त्यावर उतरवून ठेवली. दादा गेले. गीतांच्या प्रती मी केव्हाच दुसरीकडे काढून ठेवल्या होत्या. परंतु वहिनींना त्याच यंत्रासमोर बसून ती वाचायची असत आणि त्यालाच जोडलेल्या करकरणाऱ्या प्रिंटरवर छापायची असत. नव्या संगणकाला त्या प्रिंटरची रुंद खोबणच नसते.

त्या यंत्रावर मी लिनक्सची डेबियन ही मांडणी बसविली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये तिची तेरावी आवृत्ती आली. जुन्या ३२-बिटी संगणकांसाठी तयार कर्नल देणे तिने थांबविले होते. सुदैवाने लिनक्सचा मूळ मजकूर सर्वांना खुला आहे. तेव्हा कर्नल आपणच घडवावा, असे मी ठरविले.

यादी उघडली. शेकडो, हजारो प्रश्न! हा भाग हवा का, तो हवा का? दादांच्या यंत्रात जे नाही ते मी भराभर गाळीत गेलो. रात्री साडेनऊला आज्ञा दिली; सकाळी पाहतो तो यंत्र अजून दळतच होते. अखेर पुतण्याच्या नव्या संगणकावर त्याच यादीवरून कर्नल बांधला. एका यंत्रावर दुसऱ्यासाठी कर्नल घडविता येतो. चहा होईपर्यंत काम झालेसुद्धा.

मोठ्या ऐटीत तो दादांच्या यंत्रावर चढविला. पडद्यावर अक्षरे धावली आणि मध्येच थांबली. मूळ डिस्क सापडत नाही, असा त्यांचा अर्थ होता. गाळण्याच्या भरात डिस्कशी बोलणारा भागच मी गाळला होता! मागे दारात वहिनी उभ्या होत्या. “गेले का हो ते?” त्यांनी हळूच विचारले. त्या आवाजाने माझ्या पोटात खड्डा पडला. परंतु एक शहाणपण मी केले होते: जुना कर्नल पुसला नव्हता. सुरुवातीच्या यादीतून त्याची निवड केली आणि यंत्र पुन्हा उठले. चुकलेला भाग घालून दुसरा कर्नल बांधला, तो चालला.

जुन्या यंत्रांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांचा मला पूर्वी राग येई. आता तितका येत नाही. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्स लिहावयास घेतले ते ३८६ चिपच्या संगणकावर. त्याच ३८६ चा आधार डिसेंबर २०१२ मध्ये त्यांनी कर्नलमधून काढून टाकला. आणि आपण त्याबाबत भावुक नाही, असे मोकळेपणाने सांगितले. कारणही रास्त होते. संरक्षित स्मृतीवर खुद्द कर्नलकडून चुकून लिहिले जाऊ नये, ही सोय त्या चिपमध्ये नव्हती. पुढच्या चिपांना ठाऊक असलेल्या काही आज्ञाही तिला कळत नसत. त्यामुळे प्रत्येक सुधारणेबरोबर तिच्यासाठी वेगळी वाट राखावी लागे. जुने चालू राहते, तेव्हा त्याचे ओझे कोणीतरी वाहत असते. इतकी वर्षे ते दुसऱ्यांनी वाहिले. आता दादांच्या यंत्रापुरते मी वाहतो, इतकेच.

अधूनमधून सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात. मी जुनी यादी पुढे ठेवतो. तेव्हा फक्त नवे प्रश्न विचारले जातात. त्यांची उत्तरे देतो, कर्नल बांधतो, तपासतो. १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी, ३२-बिटी घड्याळाचे आकडे संपतात. त्यावरचा उपाय लिनक्सने २०२० साली ५.६ या आवृत्तीत केला. कर्नल तो दिवस ओलांडेल. त्यावर चालणारे कार्यक्रमही मात्र नव्याने बांधावे लागतील.

हे मी वहिनींना सांगितले. त्या म्हणाल्या, “तोवर हे यंत्र कुठले टिकायला? आणि मी तरी कुठली? पण भाऊजी, येत्या रविवारी नातीच्या सासरची माणसे यायची आहेत. हळदीची गाणी तेवढी छापून द्या.”

मी यंत्र चालू केले. प्रिंटर करकरू लागला.