वटारलेले डोळे

"आई, तू माझ्यावर रागावलीयेस का?" लेकीनं त्या आठवड्यात तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मी मेथी निवडत बसले होते आणि अजिबात रागावलेले नव्हते.

आधीचे काही महिने वजन उतरत होतं. सगळ्या जणी विचारत, "काय डाएट करतेस गं?" मलाही बरं वाटायचं. छातीतली धडधड, हातांची थरथर, पंख्याखालीही येणारा घाम, हे सगळं मी चाळिशीच्या खात्यावर टाकलं होतं. झोपेत माझे डोळे अर्धवट उघडे राहतात, हे नवऱ्यानं सांगितलं तेव्हा कुठे डॉक्टरांकडे गेले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी समोरून, बाजूनं पाहिलं आणि थायरॉइडची रक्ततपासणी लिहून दिली.

निदान : ग्रेव्हजचा आजार. १८३५ साली डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच थायरॉइडला चिथावते. तिच्याचमुळे डोळ्यामागचे स्नायू आणि चरबी सुजतात. खोबण हाडांची, सूज मावायला जागा नाही, मग डोळा पुढे सरकतो. वरची पापणीही मागे ओढली जाते आणि बुबुळाच्या वर पांढरं दिसू लागतं. माणूस डोळे वटारतो तेव्हा नेमकं तेच दिसतं. माझ्या चेहऱ्यावर ते चोवीस तास होतं.

गोळ्यांनी रक्तातले आकडे काही महिन्यांत ताळ्यावर आले. डोळे आले नाहीत. ते आपल्या गतीनं चालतात. शस्त्रक्रियेचा विचार आजार शांत झाल्यावर, असं डॉक्टर म्हणाले.

लेकीला मी सगळं समजावून सांगितलं. "हे डोळे आजाराचे आहेत, रागाचे नाहीत." पण ते पूर्ण खरं नव्हतं. याच आजारात चिडचिडही होते. कितीदा तरी मी खरंच चिडलेली असायचे आणि "नाही गं, डोळेच तसे आहेत" म्हणून सुटायचे. ती बिचारी माझ्या तोंडाकडे पाहत राहायची. तिनं वाचलेलं बरोबर होतं आणि मी तिला चूक ठरवत होते.

आता आमचं ठरलंय : तिनं विचारायचं, मी खरं सांगायचं.

काल तिनं विचारलं. मी म्हटलं, "हो. ओला टॉवेल गादीवर टाकलास म्हणून."

तिनं टॉवेल उचलला. हायसं मात्र दोघींनाही वाटलं.