शेवट ठाऊक असलेली बोट

बुडणाऱ्या बोटीची गोष्ट पाहायला बसणाऱ्याला शेवट आधीच ठाऊक असतो. हिमनग येणार, बोट फुटणार, माणसं जाणार. तरी तो बसतो, आणि अगदी शेवटच्या घटकेपर्यंत मनात म्हणत राहतो की आज कदाचित टळेल. कोल्हापूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पन्हाळा इथून हाकेच्या अंतरावर आहे, पावनखिंड विशाळगडाच्या वाटेवर आहे आणि बाजीप्रभू पडणार हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. 2022 साली 'पावनखिंड' चित्रपट आला तेव्हा शेवटच्या भागात सगळ्या थिएटरचे कान विशाळगडावरच्या तोफांकडे लागलेले असत. शेवट ठाऊक असला की ओढ कमी होत नाही. पुढे काय होणार ही उत्सुकता संपलेली असते, म्हणून माणसं कशी वागतात याकडे लक्ष जातं.

टायटॅनिक बुडून शंभर वर्षं झाली त्या निमित्ताने, 2012 साली, ज्युलियन फेलोज या लेखकाने ब्रिटिश दूरचित्रवाणीसाठी चार भागांची मालिका लिहिली. 2019 च्या महापुरानंतर, पाणी ओसरून भिंती वाळल्यावर, थंडीच्या दिवसांत आम्ही ती घरी पाहिली. पुतण्याने मोठ्या टीव्हीला लॅपटॉप जोडला होता. इंग्रजी संवादांचा अर्थ तोच अधूनमधून सांगत होता. आत्ती होती, त्याचे दोघे-तिघे मित्र होते, आणि शेजारच्या काकू होत्या. काकूंचं माहेर अलिबागकडचं, रेवसजवळचं. लग्न होऊन घाटावर आल्याला त्यांना पन्नासहून अधिक वर्षं झाली, पण पावसाळी हवा दाटून आली की आजही त्या आधी आभाळाच्या पश्चिम बाजूकडे पाहतात.

या मालिकेची रचना वेगळी आहे. पहिल्या भागात एका घराण्याची माणसं बोटीवर चढतात, आणि भाग संपता संपता बोट बुडू लागते. दुसऱ्या भागात पुन्हा पहिल्यापासून, पण आता दुसरी माणसं. तिसऱ्यात आणखी तिसरी. चौथ्यात सगळ्यांचा निकाल. पोरं वैतागली. "काका, हे परत पहिल्यापासनं का दाखवायला लागल्यात?" असं पुतण्याने दुसऱ्या रात्री विचारलं. इंग्लंडमध्येही पुष्कळ प्रेक्षकांची हीच तक्रार होती: एकच बोट आम्ही किती वेळा बुडताना पाहायची? मला मात्र ही रचना खरी वाटली. बाहेरून पाहणाऱ्याला बोट एकदाच बुडते. आत जितकी घरं असतात तितक्या वेळा ती बुडते.

आत्तीचं लक्ष पोरांकडे. पहिल्या वर्गातल्या बायका छोट्या होड्यांत बसत होत्या आणि खाली तिसऱ्या वर्गातली कुटुंबं जिन्याशी खोळंबली होती, तेव्हा ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "अगं बाई, बारक्या पोरांस्नी तरी आधी घालायचं न्हवं?" तिचा सवाल बरोबर होता. टायटॅनिकवरच्या पहिल्या वर्गातल्या जवळजवळ सगळ्या बायका वाचल्या, तिसऱ्या वर्गातल्या निम्म्याहूनही कमी. होड्या होत्या 20, आणि सगळ्या भरल्या असत्या तरी त्यांत 1178 माणसं मावली असती. बोटीवर होती 2200 च्या आसपास. हा हिशेब निघायच्या आधीच मांडता आला असता. पुतण्याचा एक मित्र, एरवी कुस्तीपलीकडे काही न बोलणारा, होड्या अर्ध्या रिकाम्या उतरताना पाहून उठून उभा राहिला. "आरं जागा हाय की! घ्या की माणसं!" असं तो टीव्हीला ओरडून सांगत होता. कुणी हसलं नाही. महापुराच्या त्या ऑगस्टमध्ये हाच मुलगा रात्र रात्र पाण्यात उभा राहून म्हातारी माणसं होडीत चढवत होता. सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली आणि वाचायला निघालेली माणसंच गेली, ती बातमीही त्याने त्याच पाण्यात उभं राहून ऐकली होती. एका होडीत किती माणसं घ्यायची हा प्रश्न आमच्या बैठकीच्या खोलीत परका नव्हता. महापुराआधी हीच मालिका लावली असती, तर आम्ही कपडे, दिवे, जेवणाची भांडी बघत बसलो असतो.

काकू पहिल्या तीन रात्री काही बोलल्या नाहीत. चौथ्या रात्री, बोट कलू लागली होती आणि चांदण्यांखाली पाणी काचेसारखं पसरलं होतं, तेव्हा त्या म्हणाल्या, "समुद्र केवढा शांत आहे हो." मग थोड्या वेळाने, "वारा नाही, लाट नाही, आणि तरी बुडली." त्यांच्या लेखी समुद्राने माणूस घ्यायचा तो आषाढात, काळ्या आभाळाखाली, खवळून. आणि मालिका संपल्यावर पोरं नायक-नायिकेबद्दल बोलत असताना त्या एवढंच म्हणाल्या, "यांची नावं तरी लिहून ठेवली होती."

मग त्यांनी रामदासचं सांगितलं. मला नाव माहीत होतं, गोष्ट माहीत नव्हती. पोरांना नावही माहीत नव्हतं.

17 जुलै 1947, गुरुवार. आषाढ अमावस्या, गटारी. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सकाळी आठच्या सुमाराला 'रामदास' ही आगबोट रेवसकडे निघाली. 1936 साली इंग्लंडमध्ये बांधलेली, इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची बोट. या स्वदेशी कंपनीला कोकणातली माणसं जिव्हाळ्याने 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. प्रवासी बहुतेक तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले, मुंबईत गिरण्यांत राबणारे, सणाला घरी निघालेले. धक्का सुटून तास होण्याच्या आत, काशाच्या खडकाजवळ वादळी पावसाने गाठलं. माणसं एका अंगाला सरकली, मोठी लाट आली आणि बोट कलंडली. सहाशेंहून अधिक माणसं गेली. नेमकी किती चढली होती याचे आकडे आजही एकमेकांशी जुळत नाहीत.

बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. टायटॅनिक भर अटलांटिकमध्ये होती, पण तिची हाक कार्पेथिया या बोटीने ऐकली आणि पहाटे सातशेंवर माणसं उचलली. रामदास मुंबईपासून काही मैलांवर बुडाली आणि मुंबईला दुपारपर्यंत पत्ता नव्हता. लाइफबॉयला धरून एक लहान मुलगा मुंबईच्या किनाऱ्याला लागला, त्याच्याकडून शहराला कळलं, असं सांगतात. रेवसकडच्या कोळ्यांनी होड्या घातल्या आणि माणसांना जागा व्हावी म्हणून पकडलेली मासळी समुद्रात टाकून दिली, असंही सांगतात. काकूंनी हे दुसरं ऐकीव म्हणून सांगितलं नाही. त्यांनी ते आपल्या गावाचं म्हणून सांगितलं, आणि सांगताना मान ताठ केली.

त्यांचा मामा गिरणीत होता. तो त्या बोटीत होता की पुढच्या बोटीने येणार होता हेच घरच्यांना आधी कळेना. काकू तेव्हा लहान. त्यांना बोट आठवत नाही, समुद्रही आठवत नाही. त्यांना आठवतं ते घरात सकाळपासून शिजत असलेलं जेवण, पावसात धक्क्यावर गेलेली मोठी माणसं आणि कुणीच त्यांना "काय झालं" ते न सांगणं. मामा त्याच बोटीत होता. तो परत आला नाही, आणि त्याचं काही हातीही लागलं नाही.

काकू घरी गेल्यावर मी पुष्कळ वेळ याच विचारात होतो की टायटॅनिकवर इतकी नाटकं, चित्रपट, मालिका का झाल्या. बोट मोठी होती, श्रीमंत होती, पहिल्याच सफरीवर होती, ही कारणं आहेतच. मला वाटतं खरं कारण वेळ आहे. हिमनगावर आदळल्यापासून बुडेपर्यंत दोन तास चाळीस मिनिटं लागली. त्या वेळात निरोप घेता आले, वाद्यं वाजवता आली, कुणी धीट ठरलं, कुणी भित्रं. नाटककाराला याहून काय हवं? रामदासने असं काही दिलं नाही. काही मिनिटांत सगळं संपलं. तिथे संवाद लिहायला जागाच नाही.

पण रामदासची वेळ किनाऱ्यावर आहे. पहाटे भाऊच्या धक्क्यावर सणाचं सामान घेऊन उभी असलेली माणसं. गर्दीत चढायला न मिळाल्याने मागे राहिलेला कुणी एक. रेवसच्या धक्क्यावर अकरा वाजता, बारा वाजता, एक वाजता वाट पाहणारी बाई. जाळं टाकून बसलेले आणि अचानक पाण्यात डोकी दिसलेले कोळी. आणि बातमी पोहोचेपर्यंत नेहमीसारखी चाललेली मुंबई. ही सगळी वाट पाहण्याची दृश्यं आहेत, आणि वाट पाहणं दाखवायला मालिकेइतकं योग्य माध्यम नाही. ज्या रचनेवर आमची पोरं चिडली तीच इथे चपखल बसेल: दर भागात एक घर, आणि दर भागाच्या शेवटी तीच सकाळ, साडेआठच्या आसपासची.

गुजरातने हे आपल्या परीने केलं आहे. 1888 साली सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ 'वैतरणा' ही आगबोट शेकडो माणसांसह नाहीशी झाली. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला वीजळी म्हणत. तिची लोकगीतं झाली, झवेरचंद मेघाणींनी ती जमवली, गुणवंतराय आचार्यांनी 'हाजी कासम तारी वीजळी' ही कादंबरी लिहिली. तिकडे आजही त्या बोटीचं नाव गाण्यातून पोरांच्या कानावर पडतं. रामदास बुडाली तेव्हा स्वातंत्र्य 29 दिवसांवर आलं होतं, फाळणीच्या बातम्यांनी वर्तमानपत्रं भरलेली होती. सहाशे घरांचं दुःख त्या गदारोळात ऐकू गेलं नाही. तेव्हाचं समजू शकतो. नंतरच्या इतक्या वर्षांचं समजू शकत नाही.

आणि हे मी कोल्हापुरात बसून लिहितो आहे, म्हणून जास्त टोचतं. याच गावात बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि कॅमेरा मिळेना तेव्हा तो इथेच जुळवला. 1925 साली 'सावकारी पाश' त्यांनी केला तो सावकाराने जमीन गिळलेल्या शेतकऱ्यावर. तो शेतकरी शेवटी शहरात जाऊन गिरणी कामगार होतो, आणि ती भूमिका तरुण व्ही. शांताराम यांनी केली. त्या शेतकऱ्याचे भाऊबंदच बावीस वर्षांनी रामदासवर चढले होते. गिरणीत राबायचं आणि सणाला गावाकडे पळायचं, ही माणसं मराठी पडद्याला पहिल्यांदा कोल्हापूरने दाखवली. त्यांची बोट बुडाली ती मात्र कुणी दाखवली नाही.

18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली. मोबाइलवर टिपलेलं ते दृश्य वाहिन्यांनी दिवसभर फिरवलं. आमच्याकडेही सगळ्यांनी ते पाहिलं, पुन्हा पुन्हा पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी कुणी त्याबद्दल बोललं नाही. आत्तीला मात्र मालिकेच्या त्या चार रात्रींतल्या परक्या पोरांचे चेहरे अजून आठवतात. नुसतं दृश्य मनात राहत नाही. त्या माणसाने सकाळी काय खाल्लं, पिशवीत कुणासाठी काय घेतलं होतं, घरी कोण थांबलं होतं, हे कळलं तरच तो आपला होतो. हे काम बातमीच्या आवाक्यातलं नाही, ते कथेचंच आहे.

म्हणून माझं मागणं मराठी वाहिन्यांकडे, कोल्हापुरातल्या आणि मुंबईतल्या चित्रपटवाल्यांकडे आहे. रामदासवर मालिका करा. सहा भागांची करा, आठ भागांची करा, पण तिच्यावर खोटी प्रेमकथा चढवू नका, तिला तिची गरज नाही. बोट उभी करायला पैसे कमी पडले तर बोट थोडी दाखवा, धक्का जास्त दाखवा. कोळ्यांची भाषा कोळ्यांकडून ऐका. रेवस, अलिबाग, पेणकडच्या घरांत जा, आणि ज्यांनी त्या दिवशी वाट पाहिली त्यांच्या तोंडून ऐका. वॉल्टर लॉर्ड या लेखकाने 1955 साली टायटॅनिकवर पुस्तक लिहिलं ते त्या बोटीतून वाचलेल्या साठहून अधिक माणसांना भेटून. म्हणूनच त्यानंतरच्या प्रत्येक चित्रपटाला आणि मालिकेला उभं राहायला जमीन मिळाली. आपल्याकडे ती जमीन अजून कुणी नीट तयार केलेली नाही.

शतकाची वाट पाहू नका. टायटॅनिकमधून वाचलेली शेवटची प्रवासी, मिल्विना डीन, बोट बुडाली तेव्हा दोन महिन्यांची होती. ती 2009 साली वारली, आणि शंभर वर्षांची मालिका आली तेव्हा विचारायला कुणी उरलं नव्हतं. रामदासला शंभर वर्षं 17 जुलै 2047 ला होतील. त्या सकाळी धक्क्यावर सात-आठ वर्षांची असलेली मुलं आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. विचारायचं असेल तर यंदाच विचारा.